कुमासीच्या दरबाराला जाताना : असान्ते राजाचा अक्वासिदाए पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

घानातलं कुठलंही इंग्रजी वर्तमानपत्र उघडा, एक शब्द हमखास भेटतो : दरबार. अमक्या गावच्या प्रमुखाचा दरबार, तमक्या सणाचा दरबार. हा शब्द आपल्याकडून इंग्रजांनी उचलला आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेऊन ठेवला. आपल्याकडे तो आता इतिहासाच्या पुस्तकात आणि कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात उरलाय. तिथे तो रोजच्या वापरात आहे.

मी अक्रात, म्हणजे घानाच्या राजधानीत, तीन वर्षं नोकरीला होतो. त्या काळात चार वेळा कुमासीला अक्वासिदाए पाहिला, त्यातला एक पुण्याहून आलेल्या मावशीबरोबर. चुका केल्या, त्या पुढे येतीलच. आता ओळखीपाळखीतलं कुणी घानाला निघालं की मला फोन येतो, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय. यातलं अर्धं मराठी घरात वाढलेल्या माणसाला आधीच येत असतं. उरलेलं अर्धं नेमकं आपल्या उलट आहे, आणि फजिती तिथेच होते.

हे आहे तरी काय

असान्ते हे घानाच्या मध्यभागातले, अकान समाजातले लोक. इंग्रजांनी त्यांच्या नावाचं 'अशांती' केलं. एकोणिसाव्या शतकात त्यांनी इंग्रजांशी किती वेळा लढाया केल्या ते पाहिलं, तर देवनागरीत ते नाव वाचताना गंमत वाटते. त्यांची राजधानी कुमासी आणि राजाचं पद असान्तेहेने. सध्याचे राजे ओतुम्फुओ (ही पदवी) ओसेइ तुतू दुसरे, हे सोळावे असान्तेहेने. २६ एप्रिल १९९९ ला ते गादीवर आले. घाना प्रजासत्ताक आहे, राष्ट्राध्यक्ष निवडून येतो, कायदे संसद करते. पण परंपरागत राजेपण तिथल्या राज्यघटनेने मान्य केलंय. जमिनीचे आणि घराण्यांचे तंटे आजही राजवाड्यात येतात.

अक्वासिदाए म्हणजे पूर्वजांचं स्मरण. सकाळी राजवाड्याच्या आत, जिथे आधीच्या राजांची काळी केलेली बैठी आसनं ठेवलेली असतात तिथे, राजा पूर्वजांना अन्न आणि मद्य अर्पण करतो. तिथे पाहुण्यांना प्रवेश नाही, मागूही नका. मग दुपारी बाहेरच्या पटांगणात दरबार भरतो आणि तो सगळ्यांना खुला असतो. मावशीला मी एका वाक्यात सांगितलं होतं, "सकाळी सर्वपित्री, दुपारी दसरा." तिला लगेच कळलं.

आधी तारीख, मग तिकीट

इथे लोक पहिली चूक करतात. विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून काढतात आणि मग विचारतात, त्या आठवड्यात अक्वासिदाए आहे का?

अकान पंचांगात सहा दिवसांचा एक जुना आठवडा आणि सात दिवसांचा एक, असे दोन आठवडे एकमेकांत गुंफलेले चालतात. साही साते बेचाळीस, म्हणून दर ४२ दिवसांनी मेळ बसतो. या चक्राचं नाव मात्र 'अदादुआनान', म्हणजे चाळीस दिवस. हसू नका, आपल्या पंधरवड्यात तरी दर वेळी पंधरा दिवस कुठे असतात! एका चक्रात एक अदाए, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाचा दिवस, रविवारी येतो, तो अक्वासिदाए, आणि एक बुधवारी, तो अवुकुदाए. परक्या पाहुण्याने पाहावा तो रविवारचा.

हिशेब घरबसल्या करता येतो. राजांच्या गादीला पंचवीस वर्षं झाल्याचा मोठा सोहळा १२ मे २०२४ ला झाला, तो अक्वासिदाएचाच रविवार. त्यात ४२ मिळवा, २३ जून. पुन्हा ४२, ४ ऑगस्ट. मग १५ सप्टेंबर. असं मोजत तुम्हाला हव्या त्या वर्षापर्यंत जा. वर्षात आठ किंवा नऊ येतात. काढलेली तारीख कुमासीतल्या हॉटेलकडून किंवा वाटाड्याकडून पक्की करून घ्या, कारण राजघराण्यात सुतक असेल तर कार्यक्रमाचं रूप बदलतं.

वर्षातला एक मोठा असतो, 'अक्वासिदाए केसे'. त्यात पालखी, बंदुकांचे बार, देशोदेशीचे पाहुणे. सगळे त्याच्याच मागे लागतात. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला साधा बघा. मोठ्यात तुम्हाला समोरच्याची पाठ दिसते. साध्यात राजा दिसतो.

कागद आणि लस

भारतीय पासपोर्टला घानाचा व्हिसा लागतो, तो वेळेत काढा. लशीचं मात्र जरा नीट वाचा, कारण ती दोन्हीकडे लागते. घानात शिरायला पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड सक्तीचं आहे आणि परत भारतात उतरताना आपलेही आरोग्य अधिकारी तेच कार्ड मागतात. लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते, आणि टोचल्यानंतर दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य धरतात. निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की आता ती जन्मभर चालते. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरला विचारा आणि त्या खरंच घ्या. "मला डास चावत नाहीत" म्हणणारा एक मित्र तिथे आठवडाभर अंथरुणात होता.

मुंबईहून आदिस अबाबा किंवा दुबईमार्गे अक्रा. घड्याळ साडेपाच तास मागे. तिथलं चलन सेडी, आणि हा शब्द आलाय कवडीच्या तिथल्या नावावरून. एके काळी मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या जहाजांनी थेट या किनाऱ्यापर्यंत पोचत आणि बाजारात नाणं म्हणून चालत. त्यामुळे घानात 'कवडीमोल' म्हणजे काय, हा प्रश्नच जरा अवघड आहे.

अक्रा ते कुमासी साधारण अडीचशे किलोमीटर. चांगल्या बसने पाच-सहा तास, विमानाने पाऊण तास. शुक्रवारी रात्रीपर्यंत पोचा. रविवारी सकाळी अक्राहून निघून दरबार गाठू, असं म्हणणाऱ्यांनी तो रस्ता पाहिलेला नसतो.

कपडे : इथे आपलं गणित उलटं होतं

मावशीने खास या दिवसासाठी लाल पैठणी आणली होती. अक्रात आमच्या घरमालकीणबाई होत्या, साठीच्या, त्यांना सगळे आंटी म्हणत. मावशीने हौसेने त्यांना घडी उलगडून दाखवली. आंटींनी काठावरून हात फिरवला, जरीचा मोर निरखून पाहिला, आणि मग आवाज अगदी खाली आणून मला विचारलं, "तुमच्याकडे कोण गेलं?"

लाल आणि काळा हे तिथले दुखवट्याचे रंग. लाल तर अगदी जवळचं माणूस गेल्याचा. एरवी शनिवारी घानाच्या कुठल्याही गावातून जा, लाल-काळ्या कपड्यांतली माणसं घोळक्याने दिसतात, ती अंत्यविधीला निघालेली असतात. अक्वासिदाएच्या दिवशी मात्र अंत्यविधी ठेवत नाहीत. उलट पांढरा हा आनंदाचा रंग. बारशाला पांढरं, विजयाला पांढरं. म्हणजे आपली सौभाग्याची लाल साडी तिथे सुतकाची, आणि पांढरी मंगल. मावशी शेवटी पिवळ्या पैठणीत गेली. सोनेरी-पिवळा हा तिथे राजवैभवाचा रंग, त्यामुळे दिवसभर बायका येऊन तिचा पदर हातात घेऊन बघत होत्या.

बायकांनी साडी, पंजाबी ड्रेस, गुडघ्याखाली जाणारं काहीही. पुरुषांनी पूर्ण पँट आणि कॉलरचा शर्ट किंवा कुर्ता. टोपी आणि गॉगल दरबारात काढून ठेवायचे. हाफ पँट घालून येणारे गोरे पाहुणे दिसतील, त्यांना कुणी हाकलत नाही. पण आपापसात काय बोलतात ते मला माझ्या ड्रायव्हरने ऐकवलंय.

तिथलं कापड नेसायचं असेल तर खुशाल नेसा, कुणाला वाईट वाटत नाही. पुरुष मोठं वस्त्र अंगाभोवती घेऊन डाव्या खांद्यावर टाकतात, उजवा खांदा उघडा. आपल्या उपरण्याची सवय असली तरी हे जड असतं, सारखं घसरतं. आदल्या दिवशी कुणाकडून तरी शिकून घ्या. आणि चपला सहज पायातून निघतील अशा घाला, कारण पुढे सांगतो.

रिकाम्या हाताने जायचं नाही

हे आपल्याला सांगावं लागत नाही. फक्त पेढे चालत नाहीत. चालते ती श्नाप्सची बाटली. डच व्यापाऱ्यांनी किनाऱ्यावर आणलेलं हे स्वच्छ पाण्यासारखं दिसणारं मद्य शेकडो वर्षांत असं रुजलं, की पूर्वजांना अर्घ्य द्यायचं ते यानेच. कुमासीतल्या कुठल्याही मोठ्या दुकानात खोक्यासकट मिळते. खोकं फेकू नका, बाटली खोक्यातूनच देतात. तुम्ही दारूला शिवत नसाल तरी हरकत नाही. ती तुम्हाला प्यायची नाही, आणि ज्यांच्यासाठी आहे ते या जगात नाहीत.

वाटाड्याबरोबर चार-सहा जणांच्या गटात गेलात तर सगळ्यांची मिळून एक-दोन बाटल्या पुरतात. ती राजाच्या हातात द्यायची नसते, राजवाड्यातली माणसं पुढे येऊन घेतात. आणि इथेच माझी चूक झाली. उजव्या हातात मोबाइल, म्हणून बाटली डाव्या हाताने पुढे केली. समोरच्या वृद्ध गृहस्थांनी आपला हात मागे घेतला. रागावले नाहीत, काही बोललेही नाहीत. नुसते माझ्याकडे बघत उभे राहिले. दोन-तीन क्षण गेले. मग मला कळलं. मोबाइल खिशात टाकला, उजवा हात पुढे केला, आणि त्यांनी बाटली अशी घेतली की जणू आधीचं काही घडलंच नव्हतं.

देवाचा प्रसाद डाव्या हाताने घेतला म्हणून आजीने फटका दिलेला माणूस मी. पण मोबाइल आल्यापासून आपला डावा हात फार सोकावलाय. तिथे डाव्या हाताने द्यायचं नाही, घ्यायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही, टाटा करायचा नाही, रस्ता दाखवायलाही तो वापरायचा नाही. दरबाराच्या दिवशी मोबाइलचा दोर गळ्यात अडकवा, प्रश्न मिटला.

शनिवार वाया घालवू नका

अक्वासिदाएच्या आदल्या दिवसाला 'दापा' म्हणतात, तयारीचा दिवस. तुम्हीही तयारी करा. सकाळी मानशिया राजवाड्याचं संग्रहालय बघा. (स्पेलिंगमध्ये 'एच वाय' दिसतं, उच्चार 'श'च्या जवळ जातो. 'मानहिया' म्हणालात तर टॅक्सीवाला हसेल, पण पोचवेल.) दरबार बघण्याआधी हे घर बघितलं नाही, तर दुसऱ्या दिवशी नुसती छत्र्या आणि सोनं दिसेल.

जुना राजवाडा इंग्रजांनी १८७४ च्या स्वारीत लुटला आणि उद्ध्वस्त केला. १८९६ मध्ये राजे प्रेंपे पहिले यांना पकडून नेलं आणि पुढे १९०० मध्ये सेशेल्स बेटांवर ठेवलं. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला ज्या साम्राज्याने रत्नागिरीत आणून ठेवलं, त्याच साम्राज्याची ही रीत. थिबा १९१६ ला रत्नागिरीतच वारला. प्रेंपे मात्र १९२४ मध्ये परत आले. इंग्रजांनी त्यांच्यासाठी १९२५ मध्ये हे दुमजली घर बांधलं, पण असान्ते लोकांनी त्याचे पैसे चुकते केले. आपला राजा परक्याच्या उपकाराच्या घरात राहणार नाही, हा मुद्दा. १९९५ पासून तिथे संग्रहालय आहे, आत राजे-राण्यांचे माणसाएवढे पुतळे आहेत.

२०२४ मध्ये इथे लंडनहून बत्तीस वस्तू आल्या, बहुतेक त्याच लुटीच्या काळातल्या. ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांनी त्या दिल्या त्या तीन वर्षांच्या बोलीवर, उसन्या. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधून साताऱ्याला वाघनखं आली, तीही तीन वर्षांसाठीच. वाटाड्याला मी हे सांगितलं तेव्हा तो खूप वेळ हसला.

एक गोष्ट आत शिरण्याआधी माहीत हवी : सोन्याचं आसन, 'सिका द्वा कोफी'. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ओकोम्फो अनोचे या पुरोहिताने ते आकाशातून उतरवलं आणि पहिल्या ओसेइ तुतूंच्या मांडीवर आलं, अशी श्रद्धा. शुक्रवारी आलं म्हणून नाव कोफी. त्यात सगळ्या असान्तेंचा जीव आहे, म्हणून त्यावर कुणीच बसत नाही, राजासुद्धा नाही. १९०० मध्ये हॉजसन नावाच्या इंग्रज गव्हर्नरने "ते आसन मला बसायला का आणलं नाही?" असं भर सभेत विचारलं. एजिसू गावच्या राणीमाता 'या असान्तेवा' ('या' हे नावच) यांनी लोकांना उठवलं आणि युद्ध पेटलं. आसन इंग्रजांच्या हाती लागलं नाही. तेव्हा आसनावरून विनोद नकोत, आणि "उद्या ते बघायला मिळेल का" हा प्रश्नही नको. ते क्वचित बाहेर येतं. साध्या घरातही लाकडी बैठक आडवी करून ठेवलेली दिसली तर सरळ करून बसू नका. रिकाम्या बैठकीवर भटका आत्मा येऊन बसू नये म्हणून ती कलंडून ठेवतात.

दुपारी वेळ असेल तर विणकरांचं गाव बोनविरे, कुमासीपासून फार लांब नाही. केंटे कापड चार बोटांएवढ्या पट्ट्यांत विणतात आणि मग पट्ट्या जोडतात. घासाघीस करा, पण माग चालवणाऱ्यासमोर "मशीनचं स्वस्त मिळतं" म्हणू नका. येवल्यात कुणी असं म्हटलं तर कसं वाटेल, एवढंच आठवा.

रविवार

नाश्ता भरपेट करा, दुपारी जेवण कधी मिळेल सांगता येत नाही. दहापर्यंत पटांगणावर असलेलं बरं. दरबार अकरा-बाराच्या सुमारास रंगात येतो, पण वेळेचा आग्रह धरायचा नाही. राजा येतो तेव्हा वेळ होते. पाणी, छत्री, सुटे पैसे, आणि लहान मुलं असतील तर कानात घालायला कापूस.

बैठक घोड्याच्या नालासारखी असते. एका टोकाला राजा, दोन्ही बाजूंना सरदार, प्रत्येकावर आपापली मोठी मखमली छत्री. ती नुसती धरलेली नसते, ढोलाच्या ठेक्यावर सारखी खालीवर नाचवतात. सावली, वारा आणि मान, तिन्ही एकदम. मधली जागा मोकळी असते. ती ओलांडून पलीकडे जायचं नाही, कितीही जवळचा रस्ता वाटला तरी.

ऐकायला बरंच आहे. माणसाच्या उंचीचे फोंतोमफ्रोम ढोल, हस्तिदंती शिंगं, आणि अतुंपान नावाचे जोडढोल. हे अतुंपान बोलतात. उपमा देत नाहीये. असान्तेंच्या त्वी भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो आणि एक ढोल खालचा सूर धरतो, दुसरा वरचा. त्यावर वादक राजाची बिरुदं म्हणतो आणि जाणते लोक ती शब्दशः ओळखतात. आपल्याकडे भालदार-चोपदार जे तोंडाने करत, ते इथे कातड्यावर होतं.

बघायचंच असेल तर सोन्यापेक्षा काठ्या बघा. राजाच्या आसपास लांब काठ्या घेतलेले लोक असतात, काठीच्या टोकाला सोन्याने मढवलेली आकृती. ते 'ओचिआमे', राजाचे वाचामंत्री. कुणी राजाशी थेट बोलत नाही आणि राजाही थेट उत्तर देत नाही. शब्द त्यांच्यामार्फत जातात-येतात. प्रत्येक आकृती म्हणजे एक म्हण. मुठीत धरलेलं अंडं : सत्ता अंड्यासारखी आहे, घट्ट धरलीत तर फुटेल, सैल सोडलीत तर पडेल. दुसऱ्या काठीवर दोन माणसं, एकापुढे ताट, दुसरा नुसता बसलेला : जेवण ज्याचं आहे त्याचं, भूक लागलेल्याचं नाही. गादीच्या भांडणावरची ही म्हण आपल्या भाऊबंदकीला इतकी फिट्ट बसते की मी ती घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा मोह आवरला.

गादीवरून आठवलं. "राजाचा मोठा मुलगा कोणता?" असं कुतूहलाने विचारू नका. तिथे वारसा आईकडून चालतो. राजाचा मुलगा नव्हे, तर मातृकुळातला पुरुष गादीवर येतो, भाऊ किंवा बहिणीचा मुलगा वगैरे, आणि नाव सुचवण्याचा मान राणीमातेचा, 'असान्तेहेमा'चा. ती राजाची बायको नसते.

बसायचं कसं, भेटायचं कसं

राजासमोर पायावर पाय टाकून बसायचं नाही. खिशात हात नकोत, तोंडात च्युइंगम नको. हे सगळं आपल्याकडे आजोबांसमोर चालत नसे, तेवढं आठवलं की पुरे.

बसलेल्या लोकांना भेटत जायचं असेल तर आपल्या उजव्या बाजूच्या टोकापासून सुरुवात करून डावीकडे जायचं, प्रत्येकाशी उजव्या हाताने. ओळखीचा चेहरा मध्येच दिसला म्हणून तिथूनच सुरू करायचं नाही. अक्रात मित्र हस्तांदोलन करताना शेवटी बोटं टिचकीसारखी वाजवतात, ते फार गोड वाटतं, पण इथे नाही.

दरबाराच्या उत्तरार्धात पाहुण्यांना पुढे बोलावतात. वाटाडा किंवा राजवाड्यातला माणूस खूण करेल, तोवर जागेवरून हलायचं नाही. पुढे जाताना ज्यांनी तिथलं वस्त्र नेसलंय त्या पुरुषांनी खांद्यावरचं टोक खाली घ्यायचं आणि चपला काढायच्या. राजापुढे सगळे सरदारही हेच करतात. शर्ट-पँटवाल्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला की झालं. मी पहिल्यांदा सवयीने हात जोडले, ते चाललं. मावशी पायाच पडायला निघाली होती, तिला आवरलं. हस्तांदोलनासाठी आपण हात पुढे करायचा नाही. राजाला हाक 'नाना' किंवा 'ओतुम्फुओ', नाव घेऊन कधीच नाही. आणि परत फिरताना त्यांच्याकडे पाठ करून सेल्फी काढायचा नाही. हे लिहावं लागतंय, कारण मी ते होताना बघितलंय. फोटो आपल्या जागेवरून बिनधास्त काढा. अर्घ्य चाललं असताना मात्र मोबाइल खाली, आणि एखाद्याचा अगदी जवळून काढायचा तर विचारून.

कुमासीबाहेरच्या छोट्या गावात तिथल्या प्रमुखाला भेटायला गेलात तर एक सुंदर पद्धत अनुभवाल. आधी बसायला देतात, मग पाणी. ते घोटभर तरी प्यायचं. त्यानंतरच विचारतात 'अमान्ने', म्हणजे येण्याचं कारण. अगदी रोज भेटणाऱ्यालाही विचारतात. उत्तराची सुरुवात "सगळं क्षेम आहे"ने करायची, मग काम. पाण्याआधी कामाचं बोलणारा माणूस तिथेही अडाणीच ठरतो.

नाच सुरू झाला आणि कुणी हात धरून ओढलं तर जा. अदोवा नाचात पायांपेक्षा हात बोलतात, चुकलं तरी कुणी मनावर घेत नाही. दुसरं कुणी छान नाचत असेल तर त्याच्या डोक्यावर उजव्या हाताची दोन बोटं उघडून धरायची, ही तिथली शाबासकी. मावशी फुगडीच्या अंगाने दोन पावलं नाचली. पाचेक बायकांनी तिच्या डोक्यावर बोटं धरली. ती घाबरून मला म्हणाली, "अरे, या माझी दृष्ट काढतायत का?"

थोडी भाषा, थोडं जेवण

सकाळी 'माचे', दुपारी 'माहा', आभार 'मेदासे'. 'अक्वाबा' म्हणजे या, स्वागत आहे. मुलं 'ओब्रोनी' म्हणून हाका मारतील. शब्द गोऱ्यांचा, पण आपल्यालाही लावतात. ती शिवी नाही, हात हलवून हसा (उजवा!). आणि आपला जन्म कुठल्या वारी झाला ते घरून विचारून या. तिथे माणसाला वारावरून नाव असतं : रविवारचा क्वासी आणि अकोसुआ, शुक्रवारचा कोफी आणि अफुआ, शनिवारचा क्वामे आणि आमा. आंटींनी मावशीला विचारलं, तर तिला वार माहीत नव्हता, पण पत्रिका पाठ होती. मोबाइलवर काढला, गुरुवार. तेव्हापासून ती 'या'. गुरुवारचीच ती या असान्तेवाही, हे कळल्यावर मावशीची मान जरा ताठ झाली.

शाकाहाऱ्यांनी 'वाचे', म्हणजे चवळीभात, आणि तिखट तळलेली केळी 'केलेवेले' यांवर भिस्त ठेवावी. पण वर घालतात त्या काळ्या चटणीत सुकी मासळी असते, ती नको म्हणून सांगायचं. 'फुफू' हा कंदांचा गोळा रश्शातून खातात, उजव्या हाताने, आणि चावायचा नाही, गिळायचा. आपल्याला चावल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे पहिले दोन घास जड जातात.

दरबार संपला की सगळं पटांगण एकदम रस्त्यावर येतं आणि केजेतिया बाजाराच्या बाजूला गाड्या तासभर हलत नाहीत. घाई करू नका. छत्र्या मिटवतात, ढोल डोक्यावर चढतात, वादक घाम पुसत पाणी पितात, तेवढा वेळ तिथेच बसा. सोमवारी निघा. आणि मुंबईला उतरताना ते पिवळं कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा. आमचं खालच्या बॅगेत, केंट्याच्या घडीत राहिलं होतं. सामान येईपर्यंत मावशी आरोग्य तपासणीच्या टेबलापाशी पिवळ्या पैठणीच्या पदराने वारा घेत बसली होती आणि तिथल्या बाईंना सांगत होती की तिचं नाव आता या आहे.